गुण्या खरा कशावरून?

तर्कशास्त्र शिकवताना धूर आणि अग्नी या जोडीचा मला शेवटी शेवटी कंटाळा आला होता. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथं आग असणार. बी.ए.च्या मुली वहीत डोंगर काढायच्या, त्यावर धुराची वेटोळी काढायच्या आणि पेपरात अनुमानाचे पाच अवयव घडाघडा लिहून मोकळ्या व्हायच्या. त्या डोंगरावर खरोखर आग आहे की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. खरं म्हणजे मलाही नव्हतं. निवृत्त झाल्यावर मी जुना लेथ शोधायला बाहेर पडले आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका गोदामात पाऊल टाकल्याबरोबर समजलं की न्यायदर्शनातले झाडून सगळे वाद इथं ग्रीस माखून उभे आहेत. फरक एवढाच की इथं अनुमान चुकलं तर दोन मार्क जात नाहीत, सत्तर हजार रुपये जातात.

निवृत्त बाईला लेथ कशाला, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की आता मी त्याला उत्तरच देत नाही. इथं सांगते. आमच्या घरामागं पूर्वी म्हशी बांधायची शेड होती. तिथं मी गेली काही वर्षं लाकडाचं काम करते. पटाशीच्या मुठी, लाटणी, भोवरे. मिरजेच्या एका ओळखीच्या तंबोरेवाल्यांना खुंट्या काढून देते. मग पितळेचा नाद लागला. समईचा खांब, दौतीचं झाकण, जुन्या घड्याळाचं एखादं बुश. लाकूड हातानं नि लाकडी लेथवर जमतं, पितळेला बिडाचा लेथच हवा. वडील उद्यमनगरात टर्नर होते. ऑइल इंजिनांचे भाग काढण्यात त्यांची उमर गेली, त्यामुळं लेथच्या आवाजाचं मला वावडं नाही. नवा छोटा चिनी लेथ त्याच पैशात दारात येतो, पण तो अंगानं हलका. कापताना थरथरतो आणि कामावर लाटा उमटवतो. जुन्या यंत्रात पैसे मोजायचे ते बिडाच्या वजनाला. साडेचार फुटी जुना लेथ अर्ध्या टनाच्या आसपास भरतो आणि ते वजन सगळी थरथर गिळून टाकतं.

कोल्हापूरच्या आसपास अशी यंत्रं मिळतात, याला कारण आहे. इथं ऑइल इंजिनं झाली, उसाचे चरक झाले, मग फाउंड्र्या आणि मोटारींचे सुटे भाग. काम सीएनसीवर गेलं तसे हाताचे लेथ कोपऱ्यात गेले. वर्कशॉप बंद होतं, मुलगा पुण्याला नोकरीला लागतो, बँक जप्ती आणते आणि लेथ गोदामात येतो. हरिहरला १९४१ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ अजून दिसतात, कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली तरी. १९५३ साली बंगळुरात उभ्या राहिलेल्या एचएमटीचे दिसतात. ते घरच्या शेडला बहुधा मोठे पडतात आणि जुने असूनही भाव खाऊन असतात. बाकी राजकोट आणि बटालाचे. आयटीआयमधून निकालात निघालेली यंत्रंही येतात. ती चाललेली कमी असतात, पण शिकाऊ पोरांनी चक बेडवर आपटून टवके उडवलेले असतात.

तर, शिरोलीचं गोदाम. व्यापारी माझ्याशी बोललाच नाही. तो माझ्या यजमानांशी बोलत होता. यजमान बँकेत होते, त्यांना लेथमधलं ओ की ठो कळत नाही. "साहेब, चालू मशीन आहे. कालपर्यंत जॉब निघत होता यावर." यजमानांनी माझ्याकडं बोट केलं. तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, डोळे झाकून न्या."

आमच्या विषयात याला शब्दप्रमाण म्हणतात. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून कळणं. चार्वाकांना ते अजिबात मान्य नाही, डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. दिङ्नागासारखे बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोनच प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानतात. नैयायिक मात्र शब्दाला स्वतंत्र जागा देतात, पण बोलणारा आप्त हवा अशी अट घालून. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनानं न्यायभाष्यात याचा खुलासा केला आहे. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढं तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. इतक्या जुन्या काळी हे लिहून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. वर्गात हे वाक्य मी पुन्हा पुन्हा सांगायची, कारण आमच्याकडं माणूस कोण आहे हे आधी बघतात आणि तो काय म्हणतो हे नंतर.

वात्स्यायनाची अट व्यापाऱ्याला लावून बघा. त्याला यंत्र ठाऊक असेलही, पण जसं आहे तसं सांगायची इच्छा? ती त्याच्या धंद्यात बसत नाही आणि त्याबद्दल त्याच्यावर रागवण्यात अर्थ नाही. मी विचारलं, हा लेथ कुठून आला, त्यावर काम कोण करायचं? आढेवेढे घेत त्यानं वर्कशॉपचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्या टर्नरला गाठलं. साठीचा माणूस, आता एका शाळेबाहेर शेंगा विकतो. लेथ विकला गेला काय, न गेला काय, त्याच्या खिशात दमडी येणार नव्हती. मी विचारलं, "मामा, या लेथचा त्रास कसला होता?" चांगला आहे का, असं विचारायचं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. त्रास विचारला की कामकरी माणूस खुलतो. तो म्हणाला, "बाई, चकापासून वीतभर बेड बसलाय. बुश काढा, पुली काढा, नट काढा, तक्रार न्हाई. लांब शाफ्ट लावला की टेपर मारतोय." टेपर म्हणजे गज एका टोकाला निमुळता होणं. ऋषी, आर्य, म्लेच्छ आणि शेंगवाला. आप्तवाक्य म्हणतात ते हेच.

प्रत्यक्षाबद्दल थोडक्यात. नवा रंग दिसला की समजावं, प्रत्यक्षावर कुणीतरी पडदा घातलाय. बिडाला तडा गेला असेल तर लांबी भरून वर हिरवा रंग मारला की वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून रंगलेल्या भागाकडं बघूच नये. बघायचा तो बेड, म्हणजे ज्यावरून हत्यार धरणारं कॅरेज सरकतं तो भाग, कारण घासणाऱ्या पृष्ठभागाला कुणी रंग लावू शकत नाही. वडील डोळ्यांनी बघायच्या आधी नख फिरवायचे. कॅरेज बेडच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, तिथं मूळची पातळी जशीच्या तशी शिल्लक असते. बेडवरून कडेकडं नख आडवं ओढत न्यायचं. नवा बेड असला तर नख सुळकन जातं. झिजलेला असला तर कडेला अडतं, पायरी लागते. त्या लेथवर चकाजवळ माझं नख अडलं आणि टेलस्टॉकच्या टोकाला अडलं नाही. म्हणजे शेंगवाले मामा खरं बोलले होते.

अनुमानात माणूस जास्त फसतो. चांगल्या लेथच्या बेडवर कारागिरानं हातानं स्क्रेपिंग केलेलं असतं. चंद्रकोरीसारखी बारीक फुलं दिसतात. ती झिजून जातात. तेव्हा फुलं शिल्लक आहेत त्या अर्थी झीज नाही, हे अनुमान वरवर पक्कं दिसतं. पण फुलं नव्यानं पाडता येतात. झिजलेल्याच बेडवर तासाभरात कुणीही नक्षी काढून देतं. नैयायिक याला हेत्वाभास म्हणतात. धुकं बघून धूर समजायचं आणि आग शोधत डोंगर चढायचा. म्हणून मी फुलांबरोबर आणखी एक साक्ष घेते. चकाजवळ कॅरेजचा गिब इतका कसायचा की ते जेमतेम जड सरकेल आणि मग कॅरेज दुसऱ्या टोकाला न्यायचं. तिकडं ते अडकलं तर बेड इकडं खाल्ला गेलाय, मग वर फुलं असोत की मोगरा.

उपमानावर, म्हणजे साम्यावरून कळण्यावर, वेळ घालवत नाही. बाजारात "किर्लोस्कर टाइप" म्हणून पुष्कळ लेथ मिळतात. शास्त्रात गवय नावाचा रानपशू गाईसारखा असतो असं सांगतात, पण गवय दूध देत नाही.

एक सूचना मध्येच देऊन ठेवते, कारण हिच्यावाचून पुढचं तत्त्वज्ञान फुकट. वर्कशॉपचे लेथ बहुतेक थ्री फेज मोटरचे असतात आणि घरात सिंगल फेज असतो. दोन-तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरला व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा ड्राइव्ह, लावून भागतं, पण मोटर डेल्टा जोडणीत २३० व्होल्टवर चालणारी हवी. ते तिच्या पाटीवर कोरलेलं असतं. पाटी नसेल तर मोटरचे पैसे किमतीतून वजा करून बोली लावावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या प्रश्नाकडं येते. गोदामात तिसऱ्या खेपेला मी माझा डायल घेऊन गेले. डायल म्हणजे शतांश मिलिमीटर दाखवणारं घड्याळासारखं मापक. चकात गज धरला, डायल टेकवला, गज फळीच्या तुकड्यानं वर उचलून बघितला. काटा दोन घरं हलला आणि परत जागेवर आला. बेअरिंग ठीक. व्यापारी हाताची घडी घालून बघत होता. त्यानं विचारलं, "वहिनी, तुमचा डायल बरोबर हाय कशावरून?"

माणूस बिलंदर होता, पण प्रश्न अस्सल होता. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं विग्रहव्यावर्तनीत नैयायिकांना नेमकं हेच विचारलं आहे. तुम्ही म्हणता वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात. प्रमाणं कशानं सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल, तर त्यांना तिसरी लागतील आणि ही रांग कधी संपणार नाही. आपोआप सिद्ध होतात म्हणाल, तर सगळं प्रमाणांनीच सिद्ध होतं हा तुमचा दावा तुम्हीच सोडला. दिवा जसा दुसऱ्याला उजळतो तसा स्वतःलाही उजळतो, हे उत्तर त्याला माहीत होतं आणि त्यानं ते आधीच मोडीत काढून ठेवलं होतं. दिव्याच्या ठिकाणी अंधार नसतोच, मग दिवा स्वतःचं उजळतो तरी काय?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याला एक उत्तर आहे आणि ते बाजारातून आणलेलं आहे. तराजू. तराजूनं सोनं तोलतो तेव्हा तराजू प्रमाण. पण वजन ठाऊक असलेलं सोनं घेऊन दुसरा तराजू तपासता येतो, तेव्हा तो तराजू प्रमेय. एकच वस्तू एका कामात साधन असते आणि दुसऱ्या कामात तपासायची वस्तू होते. न्यायसूत्रकार गौतमाला बहुतेक सराफकट्ट्यावर बसायची सवय असावी.

कितीतरी वर्षं हे उत्तर मला पळवाट वाटायचं. सोन्यानं तराजू तपासला, पण ते सोनं कोणत्या तराजूनं तोललं होतं? नागार्जुन हसत उभाच. ही अडचण सुटली ती वाचनातून नाही, शेडमध्ये.

सुताराचा गुण्या घ्या. काटकोन बघायचं साधं हत्यार. तो खरा काटकोनात आहे का, हे बघायला दुसरा गुण्या लागत नाही. फळीच्या कडेला लावून रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून परत रेघ मारायची. दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी त्याची चूक. गुण्यानं स्वतःविरुद्ध साक्ष दिली आणि चूक किती तेही सांगितलं. बाहेरून कुणाला बोलवावं लागलं नाही. फक्त फळीची कड सरळ हवी.

कड सरळ कशावरून?

याचं उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सापडत नाही. जोसेफ व्हिटवर्थ. लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात काम केलेला इंग्रज कारागीर, पुढं मोठा कारखानदार. १८४० मध्ये ग्लासगोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यानं धातूचा सपाट पृष्ठभाग कसा करावा यावर निबंध वाचला. रीत मॉडस्लेच्या कारखान्यातही चालू होती, व्हिटवर्थनं ती घासून गुळगुळीत करण्याऐवजी स्क्रेपरनं नेटकी केली. रीत अशी. बिडाच्या तीन पाट्या घ्यायच्या, तिन्ही ओबडधोबड. क, ख आणि ग म्हणू. क वर निळ्या शाईचा पातळ थर द्यायचा, त्यावर ख टेकवून हलकेच फिरवायची. जिथं उंचवटा तिथं निळं लागतं. तेवढंच स्क्रेपरनं खरवडायचं. असं करत करत दोन्ही एकमेकींवर घट्ट बसतात. पण बसल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही. एकीला पोट असेल आणि दुसरीला तेवढाच खळगा असेल. दोघींचं गुळपीठ जमलं की खोटंही चोख बसतं. संसारात आपण हे बघतोच.

म्हणून तिसरी. ग ला क वर बसवायची. क ला पोट असेल तर आता ख आणि ग दोघींना खळगा पडला. मग ख आणि ग समोरासमोर आणायच्या. दोन खळगे एकमेकांवर बसत नाहीत, कडांनाच निळं लागतं. खोटं उघडं पडलं. दोघींना सारखं खरवडायचं, पुन्हा क शी बसवायचं, पुन्हा फिरायचं. मध्ये मध्ये पाटी काटकोनात वळवून टेकवायची, नाहीतर पीळ लपून राहतो. ज्या दिवशी तिघींपैकी कुठलीही कुठलीवरही बसते आणि निळे ठिपके सगळीकडं सारखे पडतात, त्या दिवशी तिन्ही सपाट असतात. दुसरा पर्याय उरत नाही. सुरुवातीला एकही सरळ वस्तू नव्हती. शेवटी तीन आहेत. जगभरच्या यंत्रशाळांतला सरळपणा या रीतीनं आला आहे. माझ्या डायलचा आणि त्या लेथच्या बेडचाही.

नागार्जुनाचं म्हणणं यानं खोडलं जात नाही. पहिलं प्रमाण नाही, हे त्याचं खरंच ठरतं. पण पहिलं प्रमाण नाही म्हणून प्रमाणच नाही, ही पुढची उडी मात्र फसते. आणि तराजूचं उत्तर पळवाट नव्हती, हेही कळतं. ते अर्धवट होतं. दोन वस्तूंनी एकमेकींना तपासलं तर फसगत होऊ शकते. तिसरी आली की नाही.

हे सगळं मी एका संध्याकाळी उत्साहाच्या भरात सासूबाईंना सांगितलं. वय अठ्ठ्याऐंशी, पाय चालत होते तोवर पंढरीची वारी चुकवली नाही. त्यांनी शेवया मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुणीतरी पहिला सरळ असणारच की गं. त्याशिवाय बाकीचे सरळ कशाला लावून बघितले?" मी तीन पाट्या पुन्हा समजावल्या. तीन ताटल्या आणून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "बरं. पण घासणारा कोण?"

उदयनाचार्यानं न्यायकुसुमांजली लिहून ईश्वर सिद्ध केला, त्यातला एक मोठा युक्तिवाद हाच. घट आहे तर कुंभार असणार, कार्य आहे तर कर्ता असणार. सासूबाईंनी कुसुमांजली वाचलेली नाही. मी ती शिकवली आहे आणि तरी त्या घटकेला मला उत्तर सुचलं नाही.

नंतर सुचलं ते असं. घासणारा लागतो, मान्य. पण तो स्वतः सरळ असावा लागत नाही, यात सगळं आलं. व्हिटवर्थच्या कारागिराचा हात थरथरत असेल, डोळ्याला चष्मा असेल, रविवारी तो दारूही पीत असेल. त्याच्या अंगी एकच गोष्ट हवी. निळं जिथं लागलंय तिथंच लागलंय म्हणायचं आणि तेवढंच खरवडायचं. आपण केलेली पाटी आहे म्हणून निळ्याकडं डोळेझाक करायची नाही. वात्स्यायनाच्या आप्ताचीही हीच तर अट होती. जसं दिसलं तसं सांगायची इच्छा. सरळपणाला सर्वज्ञ लागत नाही, खोटं न बोलणारा माणूस पुरतो. धर्माच्या बाबतीत माझं मत इथं येऊन थांबलं आहे. ग्रंथ, गुरू आणि आपला स्वतःचा अनुभव, या तिन्ही पाट्या ओबडधोबडच आहेत. यातली एक आधीच परिपूर्ण आहे, तिला कुणी हात लावायचा नाही, असं जो सांगतो त्याच्या हाती स्क्रेपर देऊ नये. आणि ग्रंथ नि गुरू एकमेकांवर चोख बसतात म्हणून खुश होणाऱ्यांनी तिसरी पाटी आणून बघावी. सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते निळं कुठं लागलं ते दाखवतो तोच पांडुरंग. यावर माझ्याकडं उत्तर नाही आणि ते शोधायची मला घाईही नाही.

पण संशयालाही कुठंतरी थांबावं लागतं, नाहीतर लेथ घरी येत नाही. उदयनानंच म्हटलं आहे की शंका व्यवहाराशी विसंगत होईल तिथं तिची हद्द संपते. आगीनं धूर होतो की नाही याचा ज्याला संशय आहे, तोही धूर हवा असला की काडीच पेटवतो. पुढं बाराव्या शतकात श्रीहर्षानं उदयनाचेच शब्द उलटे फिरवून त्याची टर उडवली. वाद म्हणून श्रीहर्ष जिंकला असेल. पण भूक लागल्यावर तोही जेवलाच असणार. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, दहा वर्षं लेथ शोधताहेत. प्रत्येकात खोट सापडते. त्यांच्याकडं उत्तम डायल आहेत.

वात्स्यायनाचं भाष्य सुरू होतं तेच यावर की प्रवृत्ती सफल झाली तर प्रमाण सार्थ. करून बघा, जमलं तर ज्ञान खरं. लेथच्या भाषेत, कापून बघा. चकात बोटभर जाडीचा गज धरायचा, वीतभर बाहेर काढायचा, टेलस्टॉकचा टेकू न देता दोन टोकांना एकाच सेटिंगवर हलका काप घ्यायचा आणि मायक्रोमीटरनं दोन्ही व्यास मोजायचे. फरक निघाला तर टेपर आहे.

गोदामातल्या त्या लेथवर फरक निघाला. व्यापाऱ्याचा चेहरा पडला, यजमान गाडीकडं वळले. पण टेपर निघाला म्हणजे बेड झिजला, हेही धुक्याचंच अनुमान. गोदामाची जमीन उखणलेली होती आणि लेथचे पाय फळ्यांच्या तुकड्यांवर टेकले होते. पाय समपातळीत नसले की बिडाचा बेडसुद्धा पिळतो आणि पिळलेल्या बेडवर निर्दोष लेथही टेपर देतो. दोष यंत्राचा की जमिनीचा? एका पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि पुन्हा काप घेतला. फरक निम्म्यावर आला. निम्मा गुन्हा जमिनीचा होता. उरलेला बेडचा, मामांनी सांगितल्याप्रमाणं.

आणि त्या उरलेल्यातही सगळी झीज सारखी बाधत नाही. झिजलेल्या जागी हत्यार दशांश मिलिमीटर खाली बसलं तर पंचवीस मिलिमीटर जाडीच्या गजाच्या व्यासात एक मायक्रॉनचाही फरक पडत नाही. हत्यार तेवढंच पुढं किंवा मागं सरकलं तर व्यासात त्याच्या दुप्पट चूक येते. म्हणून बेडचा माथा किती खाल्ला गेलाय यापेक्षा बेडवरच्या व्ही आकाराच्या कण्याच्या पुढच्या उताराची झीज बघायची. हँडलच्या चालीचंही तसंच. चाक पाव आटा मोकळं फिरतं म्हणून लोक नाक मुरडतात. नेहमी एकाच दिशेनं फिरवत मापावर यायची सवय असेल तर ती चाल आयुष्यात त्रास देत नाही. हेडमधला गिअरचा तुटका दात मात्र माफ करायचा नाही. प्रत्येक वेग लावून ऐकायचं. ठराविक अंतरानं टक् असा आवाज आला की उठायचं आणि चहा न घेता घरी यायचं.

व्यापाऱ्यानं पंच्याऐंशी सांगितले, मी साठ म्हटलं, बासष्टवर तुटलं. क्रेन आणि टेम्पोचे वेगळे. शेडमध्ये आधी काँक्रीटचा कोबा करून घेतला, लेव्हल लावली, तीही उलटसुलट फिरवून तपासली. खंडेनवमीला सासूबाईंनी लेथला हळद-कुंकू वाहिलं आणि चकावर झेंडूची माळ घातली. मी माळ काढून बाजूला ठेवली, कारण फिरत्या चकात माळ, पदर, बांगडी, सैल बाही यातलं काही असता कामा नये. यावर आमचा वाद झाला नाही. लाकडाचं काम त्यावर करत नाही. भुसा तेल शोषून बेडवर बसतो आणि लोखंडाला गंज धरतो. खुंट्यांसाठी वेगळा लाकडी लेथ आहे.

वीतभराच्या आतलं पितळेचं काम माझ्या लेथवर चोख होतं. त्याहून लांब शाफ्ट काढायचा असेल तर माझ्याकडं आणू नका, उद्यमनगरात द्या.